आडवे धागे आधी

पत्र आलं तेव्हा कडक इस्त्री करत होती आणि मी कुणाच्या तरी पँटच्या गुडघ्यात गुंतले होते. कडक म्हणजे माझी मैत्रीण. हे नाव गिऱ्हाइकांनी तिच्या इस्त्रीला दिलं, ते तिच्या स्वभावालाही मापात बसलं. मी रफू करते, म्हणून मी सुई. एक दुकान, दोन बायका, मध्ये एक पडदा. तो पडदा बावीस वर्षांत आम्ही एकदाही ओढला नाही. ओढला तर बोलायचं कोणाशी?

"तू वाच," ती म्हणाली. "माझे हात गरम आहेत."

पत्र दक्षिणेतल्या त्या जुन्या शहरातल्या पोलीस कचेरीचं होतं. तेरा महिन्यांपूर्वी तिथल्या किल्ल्याच्या खंदकात एक पुरुष मेलेला सापडला होता. ओळख पटली नाही. काठावर त्याचा कोट होता आणि कॉलरच्या आत धुलाईची खूण होती. ती खूण गावोगाव विचारत ते आता आमच्या दुकानापर्यंत पोचले होते. कोट प्रत्यक्ष बघून, हे गिऱ्हाईक कोण ते येऊन सांगावं, असं लिहिलं होतं. सोबत खुणेचा फोटो होता.

कडकने इस्त्री उभी केली आणि फोटो दारातल्या उजेडात धरला. आमची खूण म्हणजे लाल दोऱ्याचे दोन टाके आणि शेजारी गिऱ्हाइकाचा आकडा.

"एकशे बारा," ती म्हणाली. "हा तर आपला घड्याळमास्तर. करडा कोट, खिशापाशी सिगारेटने जळलेला. अरेरे. आणि मी त्याला दोन वर्षं शिव्या घालत होते, कोट टाकून पळाला म्हणून. शेवटी येऊन घेऊन गेला होता ना गं? मी जेवायला गेले होते तेव्हा?"

"हो," मी म्हणाले.

हे 'हो' चार वर्षं जुनं होतं. घड्याळमास्तर कधी आलाच नव्हता. तो कोट मी कडकच्या मुलाला दिला होता.

त्या वेळी तो चोवीस वर्षांचा होता. दाराला डोकं आपटेल इतका उंच, म्हणून सगळे त्याला शिडी म्हणायचे. तिने खटपट करून त्याला एका गोदामात चिकटवलं आणि चार दिवसांत तो काम सोडून आला. त्या रात्री दोघांची जुंपली. शेवटी ती म्हणाली, "यापुढे तुझ्या कपड्यांना मी इस्त्री लावणार नाही." ऐकणाऱ्याला हसू येईल. पण ती बाई मेलेल्या नवऱ्याचे शर्टही सहा महिने इस्त्री करत होती. तिच्या तोंडी याहून वाईट शाप नव्हता आणि ते त्याला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. जाताना दुकानात आला होता, हे मी तिला सांगितलं नाही. मला वाटलं, आठ दिवसांत येईल. आठ दिवसांच्या गोष्टीसाठी कोण खरं बोलत बसतं?

पहिल्या वर्षात त्याचे दोन फोन आले. बरा आहे, काम आहे, एवढंच. मग काही नाही. कडक म्हणायची, "राग लांब पल्ल्याचा आहे. माझाच मुलगा."

मी पत्राची घडी घातली. कोट हातोहात फिरतो, मी स्वतःला सांगितलं. जुना कोट म्हणजे भाड्याचं घर. एक जातो, दुसरा राहायला येतो. त्याने विकला असेल, कुणाला दिला असेल, कुणी चोरला असेल.

"दोघी जाऊ," कडक म्हणाली. "ते शहर कॅलेंडरवर बघून बघून मला पाठ झालंय. मास्तरचं काम करू आणि दोन दिवस भटकून येऊ. मेल्या माणसाने जाता जाता आपल्याला सहल घडवली म्हणायची."

बसमध्ये तिने खिडकी घेतली. मी ठरवलं होतं, घाट लागायच्या आत सांगायचं. घाट लागला. मग ठरवलं, घाट उतरल्यावर. अशी सहा-सात ठिकाणं मी ठरवली आणि बस सगळ्या ठिकाणांवरून गेली.

शहर खरोखर कॅलेंडरसारखं होतं. पिवळ्या दगडाची वेस, वेशीच्या आत अरुंद गल्ल्या, गल्लीच्या शेवटी अचानक एखादा घुमट. कडक शाळेतल्या पोरीसारखी पुढे चालत होती. महाल दाखवणारा वाटाड्या म्हणाला, "या महालात राजाच्या साठ राण्या राहायच्या."

"साठ?" कडक म्हणाली. "मग कपडे कोण धूत होतं?"

वाटाड्याला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "नोकर असतील."

"त्यांची खोली दाखवा."

ती खोली कुणी जपून ठेवलेली नव्हती. कडकचा जरा विरस झाला, पण लगेच तिला दगडात कोरलेली जाळी दिसली आणि ती मला म्हणाली, "बघ सुई, तुझं काम. भोकांचेच पैसे घेतलेत."

मग एक गोल दालन लागलं. त्याच्या भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला ऐकू येतं म्हणे. कडकने मला एका टोकाला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या टोकाला गेली. मध्ये चाळीस पावलांची फरशी. मी गार दगडाला कान लावला.

"सुई," भिंत म्हणाली. "तुझ्या केसात दोरा अडकलाय. सकाळपासून. सांगणार नव्हते."

मी कान काढून तोंड लावलं. तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाठ आणि वेणी. इतकं सोपं कधीच नव्हतं. मी म्हणाले, "कडक, त्या कोटाचं..."

"काय कोटाचं?"

दगडाला माझ्या श्वासाचा ओला डाग पडला होता. मी तो बघत राहिले.

"नीट ठेवला असेल ना त्यांनी, असं म्हटलं. कसर लागते लोकरीला."

"घे! एवढ्या लांब येऊन ही बाई भिंतीला कसरीचं सांगते," भिंत म्हणाली आणि हसली.

दुपारी बाजारात तिने एक चामड्याचा पट्टा घेतला. दुकानदार मापाचं विचारत होता. तिने स्वतःच्या कमरेभोवती पट्टा धरला, मग हाताने हवेत एक उंची दाखवली आणि म्हणाली, "एवढ्या माणसाला, बारीक कंबर. आता जाड झाला असेल, एक भोक जास्त पाडा." मला म्हणाली, "येईल तेव्हा रिकाम्या हाताने कशाला भेटायचं? इस्त्रीचं तर मी बोलून बसले आहे."

संध्याकाळी उन्हं उतरताना आम्ही किल्ल्यापाशी गेलो. खंदकाचं पाणी हिरवं आणि स्थिर होतं. काठाला कमरेएवढा कठडा, त्यावर माणसं बसलेली, जोडपी, शेंगदाणे खाणारी. कडकने कठड्यावर हात ठेवला.

"इथेच कुठेतरी असेल मास्तरचं," ती हळू आवाजात म्हणाली. "पाय घसरला असेल का गं?"

"असेल."

"का मुद्दाम?"

"मला काय माहीत?"

"चिडतेस काय? मी आपली विचारतेय. त्याला कोणी नव्हतं बहुतेक. कोणी असतं तर शोधत आलं असतं." तिने पुड्यातले थोडे शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. "माणसाच्या मागे कोणीतरी पाहिजे बाई. निदान शिव्या घालायला."

मुक्काम एका स्वस्त खोलीत होता. दोन खाटा, एक खिडकी, भिंतीत एक खिळा. तिने चादर हातानेच चोळून सरळ केली आणि पाठ टेकताच झोपली. मी जागी होते. खरं काय ते मला माहीत नव्हतं, हे खरं होतं. पण माहीत करून घ्यायला मी चार वर्षांत एक बोटही हलवलं नव्हतं, हेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कचेरी. लांब बोळ, बोळाच्या टोकाला जाळीची खोली, आत लोखंडी मांडण्या आणि त्यांवर कागदात बांधलेली पुडकी. तिथली कारकून बाई आमच्याच वयाची होती. तिने आम्हाला बसायला सांगितलं, एक फाईल काढली आणि एक पुडकं टेबलावर ठेवलं.

"कोट आणि बूट, एवढंच आहे," ती म्हणाली. "बूट आम्ही फेकत नाही, पण दाखवण्यासारखे राहिले नाहीत. कोट काठावर होता म्हणून चांगला राहिला. घडी करून ठेवला होता. घडीवर बूट."

"घडी करून?" कडक म्हणाली.

"हो. नीट."

"मग पाय नाही घसरला," कडक म्हणाली. "व्यवस्थित होता माणूस."

कारकून बाईने दोरी सोडली. करडा रंग दिसला. कडकने धंद्याच्या सवयीने कोट उचलला, झटकला, कॉलर उलटी केली.

"माझाच टाका. एकशे बारा. आणि ही खिशापाशी हिची रफू." तिने मला कोपराने ढोसलं. "बघ, अजून आहे. मास्तर गेला, तुझी रफू टिकली."

"नाव काय त्यांचं?" कारकून बाईने पेन उघडलं.

"आम्ही घड्याळमास्तरच म्हणायचो. पूर्ण नाव वहीत असेल, घरी गेल्यावर कळवते."

"चालेल. तोपर्यंत तसंच लिहिते. इथे सही करा."

मी त्या सगळ्या वेळात कोटाची डावी बाही बघत होते. कोपराजवळ आणखी एक रफू होती. ती मी केलेली नव्हती.

इथे माझ्या कामातली एक चूक सांगायला हवी. मला रफू कोणी शिकवली नाही. फाटलेलं बघून बघून मी शिकले. रफू करताना आधी उभे धागे भरायचे, मग त्यांत आडवे विणायचे, ही जगाची रीत. मी सुरुवातीलाच उलटं धरलं, आडवे आधी. एकदा एक जुना कारागीर माझं काम बघून हसला आणि म्हणाला, बाई, तुम्ही घर छपरापासून बांधता. तोवर हात बसला होता, तो बदलला नाही. ही चूक जगात दुसरं कोणी करत असेल असं मला वाटत नाही. कारण ती करायला माझ्याकडूनच शिकावं लागेल, आणि माझ्याकडून एकच माणूस शिकला. बाविसाव्या वर्षी पाय मोडून घेतला तेव्हा शिडी दोन महिने आमच्या दुकानात प्लास्टर पसरून बसायचा. कंटाळा आला म्हणून त्याने सुई मागितली. हात कच्चा होता, धागा जाड घ्यायचा. पण शिकला.

बाहीवरची रफू जाड होती आणि त्यात आडवे धागे आधी होते.

म्हणजे कोट विकला नव्हता, दिला नव्हता, चोरीला गेला नव्हता. कोपर फाटेपर्यंत त्याच्याच अंगावर होता.

कडकने पेन हातात घेतलं. मी तोंड उघडलं. मी सांगणार होते, असं मी आजही म्हणते. पण ती सही करायच्या आधी कोट पुन्हा नीट ठेवायला वळली. समोर चुरगळलेलं कापड ठेवून तिला काहीच करता येत नाही. तिने बाह्या आत घेतल्या, तळहात फिरवला आणि तिचा अंगठा कोपरावर थांबला.

तो पुढे गेला, मागे आला.

"सुई," ती म्हणाली. "हे तू कधी केलंस?"

मी तिच्या अंगठ्याकडे बघत होते.

"आडवे आधी आहेत. तुझ्या रफूवरून मला इस्त्री उलटी फिरवावी लागते, बोटांना माहीत आहे." अंगठा परत फिरला. "पण तू इतकं जाड करत नाहीस."

कारकून बाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. कडक कोटाकडे बघत होती. मग तिने कोट खांद्यांना धरून उभा केला, हात उंच करत नेला, बाजारात पट्टा घेताना हवेत दाखवली होती तेवढ्या उंचीपर्यंत.

"मास्तर कोट न्यायला आलाच नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"मग?"

"मी दिला. त्याला. तो गेला त्या दिवशी."

तिने कोट खाली ठेवला. कारकून बाई म्हणाली, "म्हणजे मी नाव कोणाचं लिहू?"

कडकने नाव सांगितलं. त्याचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आडनाव दोनदा सांगावं लागलं.

"तुमचं नातं?"

"आई."

"बाई, एका रफूवरून असं..." कारकून बाई अडखळली. तिने फाईल चाळली. "उंची सहा फुटांच्या वर. वय पंचवीस ते तीस. उजव्या पायाचं हाड पूर्वी मोडून जुळलेलं." तिने वर बघितलं.

"उजवाच," कडक म्हणाली. "गुडघ्याखाली."

मग तिने सही केली. सहीखाली तारीख घालायची राहिली, ती कारकून बाईने घातली.

बोळात एक बाक होता. आम्ही तिथे बसलो. कारकून बाईने पाणी आणून दिलं आणि दफनाच्या जागेचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला. नगरपालिकेने पुरलं होतं. खाली जागेचा नंबर होता, तीनशे सत्तेचाळीस. कडकने ग्लास हातात धरून ठेवला.

"किती वेळ होता दुकानात?" तिने विचारलं.

"पंधरा-वीस मिनिटं."

"मी चार घरं पलीकडे जेवत होते."

"हो."

"उभा होता?"

"बसला होता. तुझ्या स्टुलावर."

"काय बोलला? सगळं सांग. तुझ्या पदरचं घालू नकोस."

मी सांगितलं. अंगात एकच शर्ट होता आणि थंडी होती, म्हणून मी कोट काढला. बाह्या आखूड झाल्या तेव्हा तो हसला, म्हणाला, मास्तरचे हात घड्याळाच्या काट्याएवढे होते वाटतं. चहा दिला, अर्धा ठेवला. दक्षिणेला जातो म्हणाला. तिकडे जुन्या इमारतींची डागडुजी चालते, हाताला काम आहे. सुई आणि थोडा दोरा मागितला, मी दिला.

"माझ्याबद्दल?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. कोणी पकडणार नव्हतं. तुझी आठवण काढत होता, डोळे भरले होते, असं काहीही चाललं असतं आणि तिला आयुष्यभर पुरलं असतं. पण माझ्या एका 'हो'ने ती चार वर्षं वाट बघत बसली होती.

"म्हणाला, आईला सांगू नकोस. ती स्टँडवर येईल, आणि ती आली तर मी परत फिरेन."

कडकने ग्लास बाकावर ठेवला.

"आले असते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"आणि तो फिरला असता."

"हो."

बोळातून एक माणूस फायलींचा गठ्ठा घेऊन गेला. त्याची पावलं वाजायची थांबेपर्यंत ती थांबली.

"बस कितीची होती?"

"सव्वादोनची."

"मी दीडला परत आले होते," ती म्हणाली. "आल्या आल्या खुंटी मोकळी दिसली. मी विचारलं, कोट कुठे गेला. तू काय म्हणालीस?"

"मास्तर येऊन घेऊन गेला म्हणाले."

"आणि मी?"

"तू म्हणालीस, चला, एक पीडा गेली."

तिने मान हलवली, म्हणजे आठवलं. मग उठली. चिठ्ठी मुठीत होती.

ती जागा शहराच्या टोकाला होती. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आत उंचसखल माती आणि मातीत रोवलेल्या हातभर उंचीच्या लोखंडी पट्ट्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर. राखणदाराने नंबर ऐकून हाताने एक दिशा दाखवली आणि परत सावलीत जाऊन बसला. फाटकापाशी कडक माझ्याकडे वळली. कोट खाली ठेवल्यापासून पहिल्यांदाच तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तू बाहेर थांब," ती म्हणाली.

मी थांबले. तार धरून उभी राहिले. ऊन चढलं होतं. ती एकेका पट्टीपाशी जाऊन वाकत होती, पुढे जात होती, परत वाकत होती. ती नंबर वाचत होती की नुसतीच वाकत होती, कळत नव्हतं. एक ओळ झाली, मग दुसरी. माझी लांबची नजर अजून चांगली आहे. तीनशे सत्तेचाळीस मला कुंपणातून दिसला. दुसऱ्या ओळीत, शेवटून चौथा, एका बाजूला कललेला. कडक त्याच्यापाशी वाकली, आणि पुढे गेली.

तिसरी ओळ सुरू झाली. ती आता घाईने चालत होती, एकदा मातीत अडखळली. आणखी चार ओळी होत्या. तिने मला बाहेर थांबायला सांगितलं होतं, आणि बोलायचा हक्क मी कधीच घालवला होता. राखणदार डोळे मिटून बसला होता.

"कडक," मी हाक मारली. आवाज पोचला नाही. मी पुन्हा मोठ्याने म्हणाले, "मागे. मागची ओळ. मागे राहिला तो."

ती थांबली. माझ्याकडे बघितलं नाही. वळली आणि पट्ट्या मोजत मागे आली.